टपालाच्या लाल मॉरिसचे सुटे भाग

१९५३ साली ब्रिटनच्या टपाल खात्यात नव्या मॉरिस मायनर व्हॅन दाखल झाल्या, तेव्हा त्यांचे पुढचे मडगार्ड रबराचे होते. तशी अट खात्यानेच घातली होती. टपालाची गाडी दिवसभर थांबत-निघत चालते, अरुंद गल्लीत मागे-पुढे होते, स्टेशनच्या आवारात गाड्यांच्या गर्दीत घुसते. ती कुठे ना कुठे घासणारच. पत्रा चेपला की गाडी वर्कशॉपला जाते आणि तेवढे दिवस तिच्या वाट्याचं टपाल दुसऱ्या गाडीवर चढवावं लागतं. रबर दबेल आणि पुन्हा जागेवर येईल, असा हिशोब होता. पण डुलणाऱ्या रबरात हेडलाइट बसवला तर झोत स्थिर राहत नाही. म्हणून दिवे मडगार्डच्या डोक्यावर वेगळे बसवले. बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले ते दिवे पाहिले की जाणकार लांबूनच सांगतात, ही अगदी पहिल्या खेपेची टपालाची गाडी.

समोरची काचही खास होती. मधून दुभागलेल्या काचेतली ड्रायव्हरच्या बाजूची अर्धी काच बाहेर उघडता यायची. गाडीत हीटर नव्हता. इंग्लंडच्या थंडीत काच आतून धुरकटली की ती जराशी ढकलून रस्ता बघायचा. गार वारा तोंडावर यायचा, पण रस्ता दिसायचा.

रबराचे मडगार्ड काही वर्षांतच गेले आणि पत्र्याचे आले. आज मात्र अशी एखादी जुनी गाडी उभी करायला घेतली, तर माणूस पहिला अडतो तो त्या रबरापाशीच. लोखंड गंजलं तर गंजलेला भाग कापून नवा तुकडा जोडता येतो. रबर कडक होऊन भेगाळलं की त्याच्यावर इलाज नाही.

मी मूळची कोल्हापूरची. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. ऑइल इंजिनचे सुटे भाग तिथे बनायचे. शाळा सुटली की मी तिथेच असायची, आणि पुढे टूल डिझाइनचं शिक्षण घेऊन इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आले तीही लोखंडाच्याच कामासाठी. इथे कामावरच्या एका म्हाताऱ्या फिटरकडे त्याच्या शेडमध्ये ही व्हॅन पहिल्यांदा पाहिली. ती त्याने मला विकली. १९६७ सालची, टपालाचीच, पण तेव्हा पांढऱ्या रंगाची. तेव्हापासून हा उद्योग चालू आहे. तो मी इथे सविस्तर सांगते आहे, कारण यातलं बरंचसं कुठल्याही जुन्या वाहनाला लागू पडतं, आणि काही गोष्टी फक्त टपालाच्या गाडीलाच लागू पडतात.

मॉरिस मायनर ही ब्रिटनमधली सर्वसामान्यांची मोटार. ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने ती आखली, १९४८ मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांपुढे आली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती बनत राहिली. सगळे प्रकार मिळून सोळा लाखांच्या आसपास गाड्या बनल्या. आपल्याकडेही तिची एक बहीण होती. हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्याच्या कारखान्यातून काढलेली ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणजे पहिल्या घडणीची मायनरच. ॲम्बेसेडर याच घराण्यातली, मात्र ती मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली.

मायनरची व्हॅन १९५३ मध्ये आली. मोटारीच्या घडणीत आणि व्हॅनच्या घडणीत एक मोठा फरक आहे. मोटारीचा सांगाडा आणि अंग एकच असतं. पत्र्याचीच पेटी सगळं वजन पेलते. व्हॅनला मात्र खाली वेगळी चासी आहे. लोखंडाच्या दोन लांब तुळया, मध्ये आडवे जोड, आणि त्यावर केबिन आणि मागची पेटी बोल्टने बसवलेली. सुरुवातीला तिच्यावर पाव टन माल घालायची मुभा होती, पुढे ती वाढत गेली. टपाल खात्याकडे तेव्हा पत्रंच नव्हे, टेलिफोनही होते. १९६९ मध्ये खात्याचं महामंडळ झालं तरी दोन्ही कामं तिथेच राहिली. ती वेगळी झाली १९८१ मध्ये. त्यामुळे मायनर व्हॅन दोन वेषांत दिसायची. टपालाची लाल. टेलिफोनची गर्द हिरवी, साठच्या दशकाच्या अखेरीस पिवळी, आणि तिच्या टपावर शिडी ठेवायची चौकट.

दोन्ही वेषांतल्या गाड्यांची झीज वेगवेगळी होते, हे मला गाडी उघडल्यावर कळलं. टेलिफोनच्या गाडीचा ताण टपावर आणि आतल्या हत्यारांच्या कप्प्यांवर. टपालाच्या गाडीचा ताण दारांवर. दिवसातून किती वेळा ते दार उघडायचं आणि लावायचं! माझ्या गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दाराची बिजागरी इतकी झिजली होती की दार लावताना ते हाताने वर उचलावं लागायचं. डावीकडची बिजागरी मात्र जवळजवळ कोरी.

सुट्या भागांचं म्हणाल तर माझ्या डोक्यात पहिल्यापासून दोन ढीग आहेत. एक, जो भाग प्रत्येक मायनरला लागतो. दुसरा, जो फक्त टपालाच्या गाडीला लागतो.

पहिल्या ढिगाची चिंता नको. साठ-सत्तर वर्षांच्या गाडीला इतक्या सहज नवे भाग मिळतात हे ऐकून भारतातल्या माझ्या नातेवाइकांना आश्चर्य वाटतं. याचं एक कारण इंजिन. मायनरला १९५२ पासून बसवलेलं ए-सिरीज इंजिन आधी ८०३ सीसीचं होतं, १९५६ मध्ये ९४८ चं आणि १९६२ मध्ये १०९८ सीसीचं झालं. याच कुळातलं इंजिन मिनी मोटारीत २००० सालापर्यंत बसत होतं. म्हणजे वॉटर पंपापासून व्हॉल्व्हपर्यंत बऱ्याच गोष्टींची मागणी कधी तुटलीच नाही.

दुसरं कारण म्हणजे चार्ल्स वेअर नावाचा एक माणूस. त्याने १९७६ मध्ये बाथ शहरात मायनरसाठी वाहिलेलं केंद्र काढलं. गाडी दहा वर्षांत भंगारात घालायची वस्तू नाही, भाग बदलत बदलत ती माणसाच्या आयुष्यभर चालवता येते, असं तो हिरिरीने मांडायचा, आणि त्यावर त्याने पुस्तकही लिहिलं. पुढे १९९० च्या दशकात त्याच्या पुढाकाराने मायनरच्या पत्र्याचे भाग श्रीलंकेत बनू लागले. श्रीलंकेत मायनर रस्त्यावर रोज धावत होत्या आणि हातोडीने पत्रा घडवणारे कसबी कारागीर तिथे होतेच. इंग्लंडातली गाडी दुरुस्त करायला श्रीलंकेतला पत्रा यावा, हे मला फार रास्त वाटतं. ज्या देशात वस्तू टाकून देणं परवडत नाही, त्या देशात दुरुस्तीचं ज्ञान टिकतं.

तरी या सोप्या ढिगातही दोन गोष्टी सांभाळाव्याच लागतात. मायनरच्या पुढच्या चाकांना वर-खाली ट्रनियन असतात. चाक वळवणारी उभी पिन यांच्या आट्यांत फिरते. तिथे नियमित ग्रीस गेलं नाही की आटे झिजतात, आणि एक दिवस पिन निसटून चाक मडगार्डखाली आडवं पडतं. मायनर घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी जॅक लावून पुढचं चाक हलवून बघावं. दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चासीच्या पोटात दडलेला आहे, आणि त्याचे बोल्ट बाहेर काढायला जावं तर समोर टॉर्शन बार, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनची पीळदार सळी, आडवी येते. एका सिलिंडरसाठी सस्पेन्शन ढिलं करावं लागतं. हे काम ज्याने एकदा केलं तो सिलिंडर नवाच बसवतो. जुन्याचे रबर बदलून भागवत नाही.

पाने मात्र इंचाचे लागतात. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो, आणि जवळपास बसतो म्हणूनच नटाचे कोपरे खातो. वडिलांच्या वर्कशॉपमधला इंची पान्यांचा संच मी कोल्हापूरहून आणला. तो इथे रोज वापरात आहे.

चासी हा मात्र कुठल्याच ढिगात न बसणारा विषय. मोटारींच्या मानाने व्हॅन फारच कमी वाचल्या, कारण त्या मरेपर्यंत राबवल्या गेल्या. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी मागच्या चाकांनी उडून जिथे स्प्रिंगच्या पाट्यांची टोकं चासीला अडकवलेली असतात तिथे साचतं. तुळया आतून पोकळ. बाहेरून काळा रंग तुळतुळीत, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं की आरपार. माझ्या गाडीत आधीच्या कुणीतरी त्या पोकळीवर पातळ पत्रा ठिगळासारखा वेल्ड करून वर डांबरी रंग फासला होता. असं ठिगळ नुसतं कुचकामी नसतं, धोक्याचं असतं; त्याच्यामागे ओल अडकून राहते आणि उरलेलं लोखंडही जातं. ते सगळं कापून काढलं. पेटी आणि केबिन उचलून बाजूला ठेवली, चासी उलटी केली, दोन्ही तुळयांची मागची टोकं मूळ जाडीच्या पत्र्यातून वाकवून नव्याने घडवली. तुळई कापण्याआधी तिला दोन्ही बाजूंनी कोनाच्या लोखंडाने जखडून घ्यावं लागतं, नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेने ती पिळवटते आणि मग गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढत राहते.

पूर्ण नवी चासी बनवून घ्या, असा सल्ला मला अनेकांनी दिला. मी तो मानला नाही. मूळ चासीवर गाडीचा नंबर असतो आणि गाडीची ओळख तीच असते. इथल्या कायद्यानेही चाळीस वर्षांवरच्या आणि मोठे बदल न केलेल्या गाडीला २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. पण म्हणून तपासणी करायचीच नाही हे मला पटत नाही. मी दरवर्षी गाडी तपासून घेते. रस्त्यावर आपण एकटेच नसतो.

आता दुसरा ढीग. इथेच खरा शोध असतो.

टपालाच्या गाडीला चकचकीत पट्ट्या नव्हत्या. बाजारातल्या गाडीला जिथे क्रोमियम, तिथे हिला रंग. चालकामागे जाळी. मागच्या दारांना नेहमीच्या मुठीखेरीज घराच्या दाराला असतं तसं जादा कुलूप, कारण थैल्यांत मनीऑर्डरी, रजिस्टर पत्रं, पार्सलं. असल्या वस्तू कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाहीत. खात्याने गाडी निकालात काढून लिलावात विकली की बोधचिन्हं पुसली जायची. पुढचा मालक सुतार, रंगारी किंवा भाजीवाला. त्याला जाळी अडचणीची वाटायची, तो ती काढून फेकायचा. कुलपाची किल्ली हरवली की कुलूप छिन्नीने तोडायचा. म्हणून व्हॅन मिळते, पण तिचं टपालपण मिळत नाही.

ते शोधायच्या जागा वेगळ्या. इंग्लंडच्या दक्षिणेला ब्यूली इथे राष्ट्रीय मोटार संग्रहालयाच्या मैदानावर दर सप्टेंबरमध्ये जुन्या भागांचा प्रचंड बाजार भरतो. १९६७ पासून भरतो. पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार ज्याने पाहिलाय त्याला तिथे परकं वाटणार नाही. चिखल, ताडपत्र्या, आणि प्रत्येक विक्रेत्यापुढे गंजलेल्या लोखंडाच्या राशी. तिथे ‘टपालाच्या गाडीचा भाग आहे का’ असं विचारून उपयोग नसतो. विक्रेत्याला माहीतच नसतं की त्याच्या पेटीत काय आहे. आपल्या डोक्यात आकार पक्का असावा लागतो आणि हात काळे करावे लागतात.

आकार पक्का कसा करायचा? त्यासाठी माणसं आहेत. टपालाच्या वाहनांची नोंद ठेवणारा हौशी लोकांचा एक क्लब १९६२ पासून चालू आहे. ज्या काळी या गाड्या रस्त्यावर साध्या कामाच्या गाड्या होत्या, त्या काळी काही जण कोपऱ्यावर उभं राहून त्यांचे नंबर वहीत टिपत होते. शेजाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं असेल. आज त्याच वह्या आम्हाला सांगतात की अमुक नंबरची गाडी कुठल्या गावच्या टपालघरात होती. लंडनच्या टपाल संग्रहालयाचं एसेक्समधल्या डेब्डनला एक मोठं कोठार आहे. तिथे जुन्या गाड्या, टपालपेट्या, सायकली जपून ठेवल्या आहेत. ते ठराविक दिवशीच बघायला मिळतं, पण माप घ्यायचं तर मूळ गाडीशेजारी उभं राहण्याला पर्याय नाही.

मला हवा होता तो भाग अगदी किरकोळ: मागच्या दाराच्या कुलपाची जीभ ज्यात अडकते ते घर. ब्यूलीत अर्धं तुटलेलं एक मिळालं. त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून मी कोल्हापूरला भावाकडे पाठवले. वडिलांचं वर्कशॉप आता तो चालवतो. त्याचा फोन आला, “ताई, फोटू नको. ऐन नगच पाठव. झिजलेला असला तरी चालतंय.” पाठवला. जिथे जीभ घासत होती तिथलं माप त्याने बाजूला ठेवलं आणि जिथे कधीच काही टेकलं नव्हतं त्या कोपऱ्यातलं माप धरलं. पत्रा तीन-सोळांश इंचाचा निघाला, आटे पाव इंची बारीक. वडिलांचे जुने इंची टॅप अजून त्याच डब्यात होते. त्याने दोन नग केले आणि दुसरा ‘कुणाला तरी लागेल’ म्हणून सोबत दिला. तो खरंच लागला. स्कॉटलंडमधल्या एका गाडीवर तो आज आहे.

त्या स्कॉटलंडच्या गाडीवरून रंगाकडे आणि चिन्हाकडे वळते. त्या काळी इंग्लंडातल्या टपालाच्या गाडीवर सोनेरी मुकुट असायचा आणि राणी एलिझाबेथ दुसरीची आद्याक्षरं. स्कॉटलंडमध्ये ही आद्याक्षरं चालत नसत. पहिल्या एलिझाबेथचं राज्य इंग्लंडावर होतं, स्कॉटलंडवर कधीच नव्हतं; मग ही ‘दुसरी’ कशी, असा तिथल्या लोकांचा सवाल. १९५२ च्या नोव्हेंबरात एडिंबराच्या इंच वसाहतीत या आद्याक्षरांची टपालपेटी बसवली, तिच्यावर वारंवार हल्ले झाले आणि १९५३ च्या फेब्रुवारीत ती स्फोटाने उडवून दिली गेली. तेव्हापासून स्कॉटलंडमध्ये पेट्यांवर आणि गाड्यांवर नुसता स्कॉटिश मुकुट. म्हणून चिन्हं तयार मिळतात तशी विकत आणून चिकटवू नयेत. आधी गाडी कुठल्या गावची ते शोधावं.

माझ्या गाडीचा पांढरा रंग उतरवताना खाली निळा लागला, त्याखाली करडा प्रायमर आणि मग लाल. पण उन्हाने विटलेला. खरा लाल सापडला डॅशबोर्डच्या मागे, जिथे ऊन आणि नंतरच्या रंगाऱ्यांचा ब्रश दोन्ही पोचले नव्हते. ब्रिटिश स्टँडर्ड ३८१सी या रंगतक्त्यात टपालाच्या लालाचा क्रमांक ५३८ आहे. डॅशबोर्डमागचा तुकडा त्याच्याशी जुळला. बाजूच्या पत्र्यावर पॉलिशपेपर फिरवताना ‘रॉयल मेल’ या अक्षरांच्या कडा हाताला लागल्या. डोळ्याला काही दिसत नव्हतं, बोटांना कळत होतं. नवीन रंग देण्याआधी मी त्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली आणि अक्षरांची उंची, अंतर, जागा उतरवून घेतली. आज गाडीवर असलेली अक्षरं त्याच मापाची आहेत.

प्रदर्शनांमध्ये काही गाड्या अशा येतात की त्यांच्याकडे बघताना डोळे दिपतात. कारखान्यातून निघाल्या तेव्हाही त्या इतक्या गुळगुळीत नव्हत्या. प्रत्येक जुना बोल्ट नवा, प्रत्येक पोचा लांबी भरून सपाट. कष्टांचा आदर ठेवूनही मी म्हणेन की ही गाडी वाचवणं नव्हे. माझ्या गाडीच्या मागच्या उंबऱ्यावर, डाव्या बाजूला, पत्रा एका ठिकाणी खोलगट घासला गेला आहे. वर्षानुवर्षं तिथून थैल्या ओढल्या गेल्या. तो खोलगटपणा मी ठेवला. त्यावर फक्त गंज न चढेल एवढा रंग दिला. धोका असेल ते बदलावं: ब्रेक, ट्रनियन, वायरिंग, कुजलेली चासी. जे नुसतं म्हातारं झालं आहे ते राहू द्यावं. एकदा लांबीखाली गेलेली कामाची खूण परत मिळत नाही, आणि सुटा भाग म्हणून ती कुठल्याच बाजारात विकत मिळत नाही.

एक मागणं आहे. या सगळ्या शोधात मला सर्वांत जास्त मदत झाली ती लोकांच्या घरगुती फोटोंची. लग्नाच्या वरातीमागे, शाळेच्या फाटकापाशी, कुणाच्या तरी बाळामागे उभी राहिलेली लाल गाडी. दार उघडं, आतली जाळी दिसते आहे, कुलूप कुठे आहे ते दिसतं आहे. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर इथे टपाल खात्याची मेल मोटर सर्व्हिस आहे. तिच्या लाल गाड्या पिढ्यान्‌पिढ्या आपल्या रस्त्यांवरून गेल्या. तुमच्या घरात कुणी त्या गाड्या चालवल्या असतील, दुरुस्त केल्या असतील, किंवा नुसत्या एखाद्या जुन्या फोटोत मागे अशी गाडी आली असेल, तर तो फोटो टाकू नका. मागच्या बाजूला गाव, साल आणि चालकाचं नाव लिहून ठेवा. पेनाने लिहू नका, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. पेनाची शाई आणि दाब पुढच्या बाजूला उमटतात.